लोखंडापासून दूर

३ ऑक्टोबर, सोमवार

गेली! जादाची नळी गेली — वापरायच्या आधीच गेली!

आज तपासायला म्हणून बसवली. चालू असलेल्या जुन्या नळीचे, आमच्या म्हातारीचे, अकरा हजार तास कधीच उलटून गेलेत. रडारची नळी इतकी टिकत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नाही म्हणून चालतेय. तर जादाची नळी लावली, सावकाश विजेचा दाब चढवत नेला. निम्म्यावरही पोचलो नव्हतो, तोच करंटचा काटा पार टोकाला आणि खटका पडला — खाड! पुन्हा लावली. खाड! तिसऱ्यांदा. तेच! बाहेर लहर नावालाही नाही.

मग बाहेर काढून नीट पाहिली. चुंबकाला सतरा स्क्रू, टाचण्या आणि एक कात्री चिकटलेली. लावताना मघाशी ह्यांनी सगळं झटकलं होतं म्हणे, आणि टेबलावर ठेवल्याठेवल्या स्टोअरवाल्या काकांनी पुन्हा चिकटवलं. काका अभिमानाने म्हणाले, "तीन वर्षं एक टाचणी हरवली नाही, मॅडम." तीन वर्षं! लोखंडी कपाटावर, लोखंडाला पाठ टेकून! चुंबक ढिला होणार नाही तर काय?

नळी मोठ्या लाकडी खोक्यात येते. नळी जेमतेम तांब्याएवढी, खोका हातभर लांब, हातभर रुंद. नळी मधोमध टांगलेली. पाहणाऱ्याला वाटतं, जागा वाया. अहो, ती रिकामी जागाच तर औषध! लोखंड जवळ येऊ नये म्हणून. वर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, "लोखंडापासून दूर ठेवा." मी नळीपाशी जाताना घड्याळ काढते, केसातल्या पिनासुद्धा काढते, पितळी स्क्रूड्रायव्हरशिवाय हात लावत नाही. आणि इथे खोकाच गायब!

मी ह्यांना सरळ विचारलं, "खोक्यातून काढली कुणी?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या नाकाला काहीतरी लागलंय. तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाले, "जाऊ दे ना. झालं ते झालं."

"जाऊ दे" कोण म्हणतं? ज्याचं चुकलेलं असतं तो! हवामानाच्या ह्या रडार स्टेशनवर तंत्रज्ञ दोनच. मी नाही, म्हणजे कोण हे सांगायला ज्योतिषी नको.

आजपासून अबोला. इथे ह्या वहीतही "हे" लिहिणार नाही. सकाळपाळी म्हणेन. पाळी सकाळी सहा ते एक, म्हणून सकाळपाळी. मी दुपारपाळी.

४ ऑक्टोबर, मंगळवार

मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. आम्ही त्यांच्या टेबलाच्या दोन टोकांना बसलो. नवी नळी जहाजाने निघालीय, तीन आठवडे लागतील. तोवर म्हातारीने तग धरायचा. मध्ये एक पूर्ण दिवस जरी रडार बंद पडलं, तर हेड ऑफिस हे स्टेशनच बंद करणार. ते निमित्तच शोधतायत. बंद झालं की बदल्या — मी उत्तरेच्या स्टेशनवर, सकाळपाळी हेड ऑफिसात. दोन दिवसांच्या प्रवासाचं अंतर!

साहेब म्हणाले, "तुम्ही दोघं बोलत का नाही आहात?"

मी खिडकीकडे पाहिलं, सकाळपाळीने दाराकडे. साहेबांनी मान हलवली आणि दोघांकडूनही लेखी खुलासा मागितला. खोका कुणी नेला, का नेला.

घरी आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "मग मी कुणाकडे राहायचं?"

अबोला एक गोष्ट आणि दोन दिवसांचं अंतर दुसरी गोष्ट. सतरा वर्षांत मी ह्या माणसाशी निदान साठ वेळा अबोला धरला असेल, पण प्रत्येक वेळी तो शेजारच्या खोलीत होता.

५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळची ही एक तासाची वेळ माझी. सकाळपाळी डोंगरावर स्टेशनात, सासूबाईंचं डोळे मिटून पडणं चालू, आणि मी खिडकीशी मांडी घालून बसते. माझं बुटकं टेबल बरोब्बर त्या उंचीचं. निळा टेबलक्लॉथ, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत, मीच विणलेला. ह्या घरात एवढी एकच गोष्ट माझ्या मनासारखी आहे.

सकाळपाळीला मात्र स्वच्छतेचं वेड लागलंय. काल दोनदा येऊन टेबलक्लॉथ खाली ओढून नीट केला. बोलायचं नाही पण टेबलक्लॉथ ओढायचा! अपराधी माणसाला असं काहीतरी सुचत असावं.

सासूबाईंनी विचारलं, "ती नळी करते तरी काय गं, जिच्यापायी घरात मौनव्रत चाललंय?"

मी म्हटलं, सांगते. कागदोपत्री मॅग्नेट्रॉन, आम्ही नळीच म्हणतो. मध्ये एक दांडी, ती आतून तापवायची. तापली की तिच्या अंगावरून अगदी बारीक कण सुटतात. त्यांना सरळ समोरच्या तांब्याच्या भिंतीकडे धावायचं असतं. पण वरून-खालून जबरदस्त चुंबक. तो त्यांना सरळ जाऊ देत नाही, वळवतो. मग ते दांडीभोवती गोल गोल फिरत राहतात. त्या तांब्याच्या भिंतीत पोकळ खोल्या असतात. कण त्यांच्या दारांवरून घोंगावत गेले की, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारख्या, त्या खोल्या वाजायला लागतात. तीच लहर आपण आकाशात फेकतो. ढगाला आपटून परत आली की कळतं, पाऊस कुठे आहे, वादळ कुठे आहे.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सरळ निघालेल्याला सरळ जाऊ द्यायचं नाही, घराभोवतीच गोल फिरवायचं, आणि वर त्यातून काम काढून घ्यायचं. सासरच की!"

आणि चुंबक ढिला पडला तर? सगळे कण सरळ भिंतीवर डोकं आपटतात. नुसती उष्णता, वाजत काहीच नाही. जादाच्या नळीचं तेच झालंय.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "माहेर." आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

६ ऑक्टोबर, गुरुवार

अबोल्याचा चौथा दिवस. चहा तीन कप झाला, प्यायलो तिघं, बोलली फक्त किटली.

८ ऑक्टोबर, शनिवार

रजिस्टरात "शेरा" म्हणून एक रकाना आहे. यंत्राबद्दल काही असेल तर लिहायचं. आज एक वाजता गेले तर सकाळपाळीचा शेरा —

"दुपारपाळीचा चष्मा पॅनेलवर विसरला होता. ड्रॉवरमध्ये ठेवला आहे."

मी खाली लिहिलं, "दुसऱ्याच्या चष्म्यास हात लावू नये."

संध्याकाळपर्यंत वाईट वाटत होतं. चष्मा पुसून फडक्यात गुंडाळलेला होता.

९ ऑक्टोबर, रविवार

शेरा (सकाळपाळी): "आजच्या डब्यातील भाजीत मीठ नव्हते."

शेरा (मी): "हेतुपुरस्सर."

त्याखाली मोठ्या साहेबांची सही आणि "पाहिले."

पण खरी गोष्ट वेगळीच. आज पाळीवर आल्याआल्या हीटरचा काटा पाहिला. साडेसहा! नियम सहा व्होल्टचा आहे. रजिस्टरात सकाळपाळीच्या सुबक अक्षरात सहाच लिहिलेलं. आणि बटण साडेसहावर!

हीटर म्हणजे दांडी तापवायची शेगडी. फार तापवली की दांडीवरचा लेप जळून उडतो, आत सगळीकडे बसतो आणि मग ठिणग्या. अकरा हजार तासांच्या म्हातारीला असं उकळायचं? मी गुपचूप साडेपाचवर आणलं. जरा थंड राहिली तर लेप पुरेल, तेवढेच चार दिवस जास्त जगेल. रजिस्टरात मात्र सहाच लिहिलं. साहेबांना कळलं असतं तर दोघांनाही बटणाला हात लावू दिला नसता, आणि मग तिला वाचवणार कोण?

११ ऑक्टोबर, मंगळवार

रोज एक वाजता साडेसहा. रोज मी साडेपाच करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा!

आज स्टोअरवाले काका चहाला आले आणि सहज म्हणाले, "साहेबांना तुमचे मिस्टर विचारत होते, हेड ऑफिसची क्वार्टर किती खोल्यांची असते म्हणून."

मी कप खाली ठेवला. म्हणजे आता कळलं! ह्यांना — सकाळपाळीला — जायचंय! म्हणून म्हातारीला उकळतायत. ती मेली की स्टेशन बंद, स्टेशन बंद की हेड ऑफिस, हेड ऑफिस की मोकळे! सतरा वर्षं गोल गोल फिरवलं ना, आता सरळ धावायचंय.

मी काकांना विचारलं, "काका, खोका कुणी नेला ते तुम्हाला आठवत असेलच."

काका कपात बघत म्हणाले, "नवरा-बायकोच्या मध्ये मी पडत नसतो, मॅडम."

"म्हणजे ह्यांनीच नेला."

"मी कुठे काय म्हणालो?" आणि चहा अर्धा टाकून गेले. काका चहा टाकतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

खुलासे दिले. माझा अडीच पानी. मुद्देसूद. चुंबकाचे नियम, लोखंडाचे परिणाम, माझी पिना काढायची पद्धत, सगळं आलं. हाच टेबलक्लॉथ साक्षीला आहे, ह्याच्यावर वही ठेवून तीन वेळा कच्चा लिहिला.

सकाळपाळीचा खुलासा कारकुनाने दाखवला. एक ओळ. "खोका माझ्यामुळे गेला. चूक माझी."

घ्या! कबुली! अक्षर तर पाहा, कसं शांत. मी जिंकले. विजयाने जेवण जास्त जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

हीटरच्या बटणावर पेन्सिलने बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण पुसलेली. चिकटपट्टी लावली. आज चिकटपट्टी काढून, नीट घडी करून, ड्रॉवरमध्ये चष्म्याशेजारी ठेवलेली! चोर असावा तर असा टापटिपीचा.

म्हातारी आता टकटक करते. मधूनमधून पडद्यावर सगळं पांढरं होतं, मग परत दिसायला लागतं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

सासूबाई म्हणाल्या, "त्याला सांग, माझी औषधं आण."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

त्या म्हणाल्या, "मी काय पोस्टखातं आहे का?" आणि स्वतः काठी टेकत औषधं आणायला गेल्या. आम्ही दोघंही मागून धावलो. जिन्यात एकमेकांवर आदळलो. तरी कुणी बोललं नाही!

१७ ऑक्टोबर, सोमवार

म्हातारी उड्या मारायला लागलीय. म्हणजे असं, त्या पोकळ खोल्यांनी सगळ्यांनी मिळून एकच सूर धरायचा असतो. दांडी नीट तापलेली नसेल, कण पुरेसे सुटत नसतील, तर त्या सूर सोडतात, भलत्याच सुरावर उडी मारतात. बाहेर जाणारी लहर अर्धी होते. दुपारभर असंच. सकाळी म्हणे ठिणग्या पडतात, दुपारी उड्या. साहेब डोकं धरून बसले. "एकाच नळीला दोन रोग कसे होतात?"

मी मनात म्हटलं, रोग सकाळी सहाला कामावर येतो.

आणि माझ्या मनाच्या अगदी खालच्या कप्प्यात एक शंका आली, की साडेपाच जरा फारच थंड होतंय का? पण ती शंका मी तिथेच दाबून टाकली. सकाळपाळीच्या उकळण्याला उतारा नको का?

१९ ऑक्टोबर, बुधवार

जहाज एक-दोन दिवस उशिरा. समुद्रावर हवा बिघडतेय. साहेबांनी आजपासून बदल्यांचे कागद टाइप करून ठेवलेत, "नुसते तयार असावेत म्हणून." दोन वेगळ्या पाकिटांत.

रात्री सकाळपाळीच्या डब्यात मीठ बरोबर घातलं. हे इथे लिहून ठेवते, कारण सकाळपाळीला कधी सांगणार नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहायला हात चालत नव्हता. आज सगळं लिहिते.

काल दुपारी तीनला वादळ आलं. अंदाजापेक्षा सहा तास आधी. बंदरातून एक्केचाळीस होड्या बाहेर गेलेल्या. बंदरावरचा वायरलेसवाला दर पाच मिनिटांनी विचारत होता, "वादळाची कड कुठे आहे? कुठल्या बाजूने आत आणू?" आणि म्हातारीने नेमकी तीच वेळ निवडली. पडदा पांढरा. परत आला. पांढरा. मग खाड! खटका पडला आणि पडदा काळा.

मी खटका उचलला. खाड! पुन्हा. खाड!

तेवढ्यात दार उघडलं. सकाळपाळी. पाळी संपून दोन तास झालेले, छत्री उलटी झालेली, नखशिखांत भिजलेले. डोंगर चढून पळत आलेले दिसत होते. सरळ पॅनेलशी आले. माझा हात हीटरच्या बटणावर कमी करायला, ह्यांचा हात त्याच बटणावर जास्त करायला!

"हात काढा!" मी ओरडले. अठरा दिवसांतले पहिले शब्द.

"तू काढ! मारशील तिला!"

"मी मारीन? रोज साडेसहावर कोण उकळतं?"

"आणि रोज साडेपाचवर कोण गारठवतं? सकाळी येऊन बघतो तर बिचारी काकडलेली! म्हातारपणी जरा ऊब लागते म्हणून मी देतो, तर —"

"ऊब? लेप जळतोय तिचा!"

"आणि तू तिला उपाशी ठेवतेस! उपाशी दांडीतून कण ओरबाडले जातात, त्यानेही लेपच जातो!"

दोघंही एकदम थांबलो. दोन हात त्याच बटणावर.

"म्हणजे तुम्हाला तिला मारायचं नव्हतं?"

"मला?" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मला वाटलं तुला उत्तरेला जायचंय. तिकडे तुझी बहीण आहे."

"आणि तुम्ही हेड ऑफिसच्या खोल्या विचारत होतात त्या?"

"तीन खोल्या मिळतात का विचारत होतो. आई, तू आणि मी. साहेबांच्या पायावर डोकं ठेवून तुझीही बदली तिथेच मागणार होतो. एकटा माणूस तीन खोल्यांत काय नाचणार आहे?"

वायरलेसवाला ओरडला, "स्टेशन! स्टेशन! भांडण नंतर करा, वादळ कुठंय सांगा!" माईक चालूच राहिला होता. सगळ्या बंदराने ऐकलं.

मग आम्ही काम केलं. मोठा दाब पूर्ण खाली आणला. हीटर बरोब्बर सहावर — ना माझा, ना ह्यांचा. हात मागे घेतले आणि थांबलो. ठिणग्या पडलेल्या नळीला धाक दाखवून चालत नाही, तिला आतून शांत होऊ द्यावं लागतं. मग दाब थोडाथोडा चढवायचा, कुरकुरली की थांबायचं, परत थोडा. बटण माझ्या हातात, काट्यावर डोळे ह्यांचे.

"थोडं... थोडं... थांब. हं. आता."

अकरा मिनिटं. मी मनात म्हातारीला म्हणत होते, बाई गं, आमच्या दोघांच्या प्रेमाने मेलीस तर तोंड कुठे दाखवू?

मग पडदा उजळला. स्वच्छ. वादळाची कड अगदी रेघ मारल्यासारखी, दक्षिणेकडून आत घुसत होती. उत्तरेची बाजू मोकळी! ह्यांनी माईक ओढला, "उत्तरेने आणा! दीपस्तंभाच्या उत्तरेने!"

एक्केचाळिसावी होडी साडेसहाला आत आली. वायरलेसवाल्याने आकडा सांगितला आणि मी पॅनेलवर डोकं ठेवून रडले. हे मागे उभे होते. पाठीवर हात ठेवला नाही, तोवर साहेबही येऊन समोर उभे होते. पण चष्मा पुसून दिला.

म्हातारी अजून चालतेय. सहावर. बारा दिवस आम्ही दोघं रजिस्टरात जे खोटं लिहीत होतो, तेच खरं निघालं!

२२ ऑक्टोबर, शनिवार

शेरा (सकाळपाळी): "हीटर सहा. खरोखरच."

शेरा (मी): "हीटर सहा. डब्यात मीठ आहे."

सही, मोठे साहेब: "पाहिले. आता पुरे."

वहीत पुन्हा "हे" लिहायला परवानगी.

२६ ऑक्टोबर, बुधवार

जहाज आलं! नवी नळी आली! हातभर लांब, हातभर रुंद खोक्यातून. नवी बसवली, पहिल्याच फटक्यात गायला लागली. म्हातारीला पुसून त्याच खोक्यात मधोमध टांगून ठेवली. आता ती जादाची. तिला विश्रांती मिळाली ह्याचा मला खरंच आनंद झाला.

झाकण लावताना स्टोअरवाले काका म्हणाले, "हा खोका तरी इथेच राहू द्या हं, मॅडम."

मला कशाला सांगतात? सांगायचं तर ह्यांना सांगा! हे खिडकीतून बाहेर बघत होते, खांदे हलत होते. खोकला झाला असावा त्या दिवशी भिजून.

साहेबांनी बदल्यांची दोन्ही पाकिटं आमच्यासमोर फाडली.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

एक वाईट बातमी. खुलाशाचा निकाल लागला. ह्यांच्या सेवापुस्तकात ठपका. यंदा मुख्य तंत्रज्ञाच्या यादीत नाव होतं, ते वगळलं. सहा वर्षं वाट पाहत होते.

मला फार वाईट वाटलं. पण चूक ती चूक. जेवताना मी मोठ्या मनाने म्हटलं, "जाऊ द्या. मी तुम्हाला माफ केलं."

हे म्हणाले, "उपकार झाले," आणि असे हसले की पाणी नाकातून आलं. सासूबाईही तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी विचारलं, एवढं काय झालं? सासूबाई म्हणाल्या, "मला विचारू नकोस, मला नीट दिसत नाही."

ह्या घरात क्षमेची किंमत कुणाला नाही. हे उठले आणि जाता जाता पुन्हा माझा टेबलक्लॉथ खाली ओढून गेले.

३० ऑक्टोबर, रविवार

हे आज साहेबांबरोबर बंदरावर गेलेत. म्हटलं, टेबलक्लॉथ धुऊन टाकू. तीन वर्षांत एकदाही पूर्ण काढला नव्हता. चहाचे डाग वरच्या वरच पुसत होते.

काढला.

लाकूड. लाल अक्षरं. "लोखंडापासून दूर ठेवा."

सगळं आठवलं. नळी आली त्या दिवशी मीच बाहेर काढली, तपासली, साहेबांनी चहाला हाक मारली म्हणून "दोन मिनिटं" कपाटावर ठेवली. परत आले तर काका म्हणाले, "मॅडम, हा रिकामा खोका न्यायचाय?" आणि मी म्हटलं, "रिकामाच आहे, नेते. लिहायला टेबल होईल." स्कूटरवर मागे बसून मांडीवर धरून आणला.

स्कूटर हे चालवत होते.

उद्या साहेबांकडे जाऊन नवा खुलासा द्यायचा, ठपका माझ्या नावावर लावून घ्यायचा. आत्ताच लिहायला बसले होते. कागद हातात आहे. कशावर ठेवून लिहू?